अंगणातील गाजरगवत
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा मजकूर, फोर्ट विल्यम, कोलकाता)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठेशाहीचा इतिहास असे विषय शोभून दिसतात. त्या पंक्तीला गवत आणून बसवावयाचे, आणि तेही गुरे तोंड लावीत नाहीत असे गवत, हे थोडे धारिष्ट्याचेच काम आहे. पण गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळातील कुटुंबांकडून एक प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा आला आहे की त्याचे उत्तर एकदा सर्वांसमोर द्यावे असे वाटले. किल्ल्यातील आणि आसपासच्या क्वार्टरांत राहणाऱ्या भगिनी विचारतात, कुंपणाशी हे जे पांढऱ्या फुलांचे झुडूप उगवले आहे ते तेच का? दोन-तीन पिढ्या कोलकात्यात काढलेली मंडळी विचारतात, गावाकडच्या बंद घराच्या परसात गाजरगवत माजले आहे असे चुलतभावाचे पत्र आले, आता काय करावे? पहिला प्रश्न ओळखण्याचा आहे, दुसरा निस्तरण्याचा. दोन्ही प्रश्नांची उत्तरे कठीण नाहीत. पण ती योग्य क्रमाने घ्यावी लागतात.

आज आपण जेथे जमलो आहोत त्या जागेचा या गवताशी एक विलक्षण संबंध आहे, तो आधी सांगतो. प्लासीनंतर १७५८ साली हा किल्ला बांधावयास घेतला आणि १७८१ साली तो पुरा झाला. अष्टकोनी किल्ला, पाच बाजू जमिनीकडे आणि तीन हुगळीकडे. आणि तोफांच्या माऱ्याला आडकाठी नको म्हणून भोवतालचे गाव व रान हटवून मोकळे केलेले मैदान. त्याआधी, १७४२ साली, नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या धास्तीने याच नगराने आपल्याभोवती ‘मराठा खंदक’ खणावयास घेतला होता. बंगाली माणूस आजही गमतीने आपल्याला ‘बर्गी’ म्हणतो, त्याचे मूळ तेथे आहे. कालाचा महिमा असा की त्याच नगरातील या किल्ल्याला २०२४ च्या डिसेंबरात ‘विजय दुर्ग’ हे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील जलदुर्गाचे नाव देण्यात आले आणि त्याच्या दक्षिण दरवाजाला शिवाजी महाराजांचे. जुने नाव तोंडातून जाता जात नाही, म्हणून मीही आज फोर्ट विल्यमच म्हणणार आहे.

या किल्ल्याच्या लष्करी कारभारात चिटणिसाच्या हुद्द्यावर रॉबर्ट किड नावाचा एक लेफ्टनंट कर्नल होता. झाडांचा त्याला फार नाद. त्याच्याच खटपटीने १७८७ साली नदीपलीकडे, शिबपूरला, कंपनी सरकारची वनस्पतींची बाग सुरू झाली. आज आपण तिला आचार्य जगदीशचंद्र बसूंच्या नावाने ओळखतो आणि मुलांना घेऊन तेथला थोरला वड पाहावयास जातो. दुष्काळात उपयोगी पडतील अशी झाडे, मसाल्याची झाडे, जहाजांसाठी साग अशा हेतूंनी ही बाग उभी राहिली. किडनंतर, १७९३ साली, विल्यम रॉक्सबर्ग तिचा प्रमुख झाला. जगभरातून बी-रोपे येत, लावली जात, येथून अन्यत्र पाठविली जात. उपकारक झाडे आली तशी उपद्रवीही आली. डोंगरकपारीत आपण जिला घाणेरी किंवा टणटणी म्हणतो तीही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून याच बागेत आली होती.

आता यात मराठी माणसाला जवळचा असा एक दुवा आहे. १८०० साली वेलस्लीने फोर्ट विल्यम कॉलेज काढले. नाव किल्ल्याचे असले तरी ते तटाच्या आत नव्हते, लालदिघीजवळ रायटर्स बिल्डिंगमध्ये भरत असे. तेथे विल्यम केरी बंगाली आणि संस्कृतबरोबर आपली मराठीही शिकवीत असे. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने त्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठी–इंग्रजी कोश सिद्ध केला; दोन्ही पुस्तके सेरामपूरला, म्हणजे श्रीरामपूरला, छापली गेली. मराठी मुद्रणाचा इतिहास सांगणारा कोणीही हे सांगतो. परंतु हाच केरी पट्टीचा वनस्पतिप्रेमी होता हे मात्र सहसा सांगितले जात नाही. सह्याद्रीच्या रानात ज्याला आपण कुंभा म्हणतो त्या वृक्षाचे शास्त्रीय नाव ‘केरिया’ आहे. रॉक्सबर्गने ते या मित्राच्या नावावरून ठेवले. रॉक्सबर्ग प्रकृती खालावून मायदेशी परतल्यावर शिबपूरच्या बागेतील झाडांची त्याची यादी केरीनेच प्रस्तावना लिहून १८१४ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर काढली. ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’ हे त्या यादीचे नाव. तिच्यात पार्थेनियम हिस्टेरोफोरस या नावाची नोंद आहे. बंधुभगिनींनो, हेच आपले गाजरगवत. मराठीचा पहिला छापील कोश ज्या हातांनी घडविला, त्याच हातांनी या गवताची भारतातील पहिली छापील नोंदही आपल्यापुढे ठेवली.

तथापि एवढ्यावरून त्या बागेला किंवा केरीला दोषी धरणे अन्यायाचे होईल. यादीतील त्या नोंदीनंतर शंभर वर्षांहून अधिक काळ या झाडाने देशात काही गोंधळ घातल्याचे दिसत नाही. १९५५ साली पुण्यात वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांना ते कचऱ्याच्या ढिगांवर उगवलेले दिसले आणि पुढल्या वर्षी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी ते भारताला नवे म्हणून नोंदविले. त्यानंतर मात्र त्याला थांबा राहिला नाही. रस्ते, रुळांच्या कडा, पडीक जमिनी, शेतांचे बांध, बांधकामाच्या वाळूचे ढीग. पंचवीस-तीस वर्षांत त्याने देशाचा बहुतेक भाग व्यापला. म्हणजे शिबपूरच्या यादीतील रोप आणि पुण्यातील तण यांच्यामध्ये १४१ वर्षांचे अंतर आहे, आणि पुण्याचे तण त्या रोपाचीच संतती होती असे मानण्यास आधार नाही.

मग ते पुण्यात कोठून आले? आपल्याकडे प्रत्येकाला याचे उत्तर पाठ असते: पी. एल. ४८० च्या अमेरिकन गव्हातून. कोणी १९७२ च्या दुष्काळातील लाल मिलोचेही नाव घेतात. मिलोचा दावा तर तारखेनेच निकालात निघतो. पी. एल. ४८० खालचा अमेरिकेशी झालेला पहिला करार १९५६ च्या ऑगस्टमधला, आणि राव यांना झाड दिसले ते १९५५ साली. तेव्हा त्या कराराच्या गव्हालाही हा कलंक लावता येत नाही. त्याआधी, १९५१ साली, अमेरिकेने धान्यासाठी कर्ज दिले होते. त्या धान्याबरोबर बी आले असणे अशक्य नाही. परदेशी धान्यावाटे आले हा तर्क वाजवी आहे, पण कोणत्या बोटीतून आले याचा पंचनामा कोणाजवळ नाही. काँग्रेस गवत हे नावही असेच. पांढऱ्या टोप्यांसारखी फुले म्हणून, की अमेरिकेच्या काँग्रेसवरून, यावर दोन माणसे सहज तासभर वाद घालू शकतात. आणि तोवर कुंपणापाशी आणखी चार झाडे फुलावर येतात! लोकांनी त्याला चटकचांदणी असेही एक नाव दिले आहे. मला तेच सर्वांत समर्पक वाटते, कारण त्यात चांदणीसारखे फूल आहे आणि चटकाही आहे.

या चटक्याविषयी आता गंभीरपणे बोलले पाहिजे. गाजरगवत पिकाचे नुकसान करते, जमिनीत अशी द्रव्ये सोडते की शेजारच्या बिया रुजेनात, गुरांच्या पोटात गेले तर दूध कडवट होते. हे सर्व शेतकऱ्याला ठाऊक आहे. परंतु शहरातल्या कुटुंबाच्या दृष्टीने खरा धोका त्वचेचा आणि श्वासाचा. झाडाच्या अंगावरील बारीक केसांत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. काही व्यक्तींच्या शरीराला वारंवार संपर्कानंतर त्याचे वावडे निर्माण होते. पुण्याच्या डॉ. लोणकर व डॉ. जोग यांनी १९६८ साली या गवतामुळे साथीसारखा पसरलेला त्वचादाह वैद्यकीय जगापुढे मांडला, तेव्हा कुठे याचे गांभीर्य लोकांच्या ध्यानात आले. पापण्या सुजतात, चेहरा व मान लाल होऊन खाजते, कोपरांच्या व गुडघ्यांच्या वळकट्यांत पुरळ उठते. पुढे पुढे कातडी जाड, काळपट आणि सुरकुतलेली होते. वाऱ्याबरोबर उडणारा वाळक्या पाल्याचा भुगाच यास पुरे होतो. झाडाला हात लावावा लागतोच असे नाही. परागकणांमुळे शिंका, सर्दी आणि दमा बळावतो तो वेगळाच.

यातील कठीण गोष्ट अशी की एकदा शरीराने हे वावडे धरले की ते बहुधा जन्मभर सोडत नाही. शिवाय सूर्यफूल, शेवंती, झेंडू ही याच कुळातील मंडळी. काहींना मग त्यांचाही त्रास होऊ लागतो. हिवाळ्यात कोलकात्याच्या गच्च्यांवर ज्या कौतुकाने चंद्रमल्लिकेच्या कुंड्या मांडतात, ते कौतुक अशा रुग्णाच्या वाट्याला उरत नाही. तेव्हा सर्वांनाच त्रास होतो असे समजून घाबरू नये, आणि आपल्याला आजवर झाला नाही म्हणून निर्धास्तही राहू नये. पुरळ उठले तर घरगुती लेपांत महिना घालविण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे आणि घराजवळ हे गवत आहे असे त्यांना आवर्जून सांगावे. हे सांगितले नाही तर निदानाला उगाच उशीर लागतो.

आता ओळख. संशयावरून झाड उपटणे हे संशयावरून माणसाला शिक्षा देण्याइतकेच अविचाराचे आहे. गाजरगवताचे कोवळे रोप जमिनीसरशी पानांचे चक्र करून बसते. पाने फिकट हिरवी, मऊ लवेची, गाजराच्या किंवा कोथिंबिरीच्या पानांसारखी खोल कातरलेली. मग मधून खोड वर येते. त्यावर उभ्या रेघा, खाचा असतात आणि वरच्या भागात ते भरपूर फांद्या फोडते. उंची कमरेपर्यंत, चांगल्या जमिनीत डोक्याइतकीही. फांद्यांच्या टोकांशी बारीक पांढरी फुले झुबक्याने येतात. एक फूल म्हणजे मोहरीच्या दाण्याहून थोडा मोठा पाचकोनी पांढरा ठिपका. त्या पाच कोनांतून पाच बिया.

फसवणारी झाडे तीन-चार आहेत. गाजराचे पान चुरडले तर गाजराचा वास येतो आणि त्याचा फुलोरा छत्रीसारखा सपाट असतो. शेवंतीचे पान जाडसर, कमी कातरलेले, आणि चुरडले की तिचा ओळखीचा उग्र सुवास. हा वास घेण्याचा प्रयोग संशयित झाडावर करावयाचा नाही; ज्याची खात्री आहे त्या कुंडीतल्या शेवंतीवर करून पाहावा. दवण्याचे पान करडे-हिरवे व फार सुगंधी. झेंडूच्या रोपाची पानेही कातरलेली, पण प्रत्येक पाते सुटे, दातेरी. एकदांडीला तर लांब दांड्यावर एकेकटे फूल असते, पाने कातरलेली नसतात. तरी पांढरे-पिवळे रानफूल दिसले की लोक तिलाही उगाच झोडपतात. एवढे करूनही शंका उरली, तर मुळासकट एक फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवावी आणि जाणकाराला दाखवावी. कोलकात्यात राहणाऱ्यांचे भाग्य असे की देशाचा मध्यवर्ती वनस्पतिसंग्रह शिबपूरच्या त्याच बागेत आहे.

ओळख पटली की घाई करावयाची, पण ती तिथीची घाई. हे झाड उगवल्यापासून महिन्या-सव्वा महिन्यात फुलावर येते. एक भरदार झाड दहा ते पंचवीस हजार बिया टाकू शकते, आणि जमिनीत गाडलेले बी काही वर्षे जिवंत राहते. यावरून सारे शहाणपण एका वाक्यात येते: फुलण्यापूर्वी उपटावे. फुलल्यावर उपटणे म्हणजे पुष्कळदा स्वहस्ते पेरणी करणे. कोलकात्याच्या हवामानात ओलावा असेल तेथे ते बाराही महिने उगवते, परंतु मोठी लाट येते ती जूनच्या पावसाबरोबर. म्हणून रथयात्रेच्या सुमारास पहिली फेरी, नंतर दर तीन आठवड्यांनी एक, आणि दुर्गापूजेच्या आधी एक कसून फेरी, असा नेम ठेवावा. पाऊस पडून जमीन मऊ झाली असता मुळासकट येते. कोरड्या जमिनीत खोड तुटते आणि बुंध्यातून पुन्हा फुटते. विळ्याने वरवर कापण्याचाही हाच परिणाम.

उपटताना पूर्ण बाह्यांचे कपडे, जाड हातमोजे, नाकातोंडावर फडके, डोळ्यांना चष्मा. काम झाल्यावर ते कपडे वेगळे धुवावे व स्नान करावे. दम्याचे रुग्ण, ज्यांना पूर्वी पुरळ उठले आहे असे लोक आणि लहान मुले यांनी जवळ येऊ नये. मुलांकडून श्रमदान करवून छायाचित्रे काढण्याची हौस अनेक संस्थांना असते. या कामी तरी ती आवरावी.

आणि येथे एक गोष्ट मला स्पष्ट शब्दांत सांगावयाची आहे. आपल्यापैकी बहुतेक जण हे गवत स्वतः उपटणार नाहीत. माळी उपटील, ठेकेदाराचा मजूर उपटील, भांडी घासावयास येणाऱ्या बाईंना दहा-वीस रुपये देऊन आपण ते करवून घेऊ. त्यांच्या हातांना मोजे कोण देणार? पुण्यात या गवताने ज्यांची कातडी गेली त्यांत शेतावर आणि रस्त्याकडेला राबणारे लोकच अधिक होते. त्यांना मजुरी बुडवून घरी बसणे परवडत नाही, त्यामुळे ते पुन्हा त्याच गवतात जातात आणि दुखणे चिघळते. आपले अंगण स्वच्छ करावयाचे आणि दुसऱ्याला जन्माचे वावडे द्यावयाचे, हा व्यवहार आपल्या घरांना शोभणारा नाही. मोज्यांचा जोड आणि फडके हा त्या कामाच्या मोबदल्याचाच भाग समजावा, आणि ते आधी हातात द्यावे.

उपटलेले गवत फुलाआधीचे असेल तर खड्ड्यात पुरून, वर माती व शेण लिंपून उत्तम खत होते. फुलावर आलेले मात्र उघड्या ढिगात टाकू नये, त्यातील बिया मरत नाहीत; जागीच गोणीत भरून तोंड बांधून न्यावे. जाळू नये. वाळलेले झाड हलविताच बी गळते, धुराचा त्रास होतो तो होतोच, आणि जळून मोकळी झालेली जागा हे त्याचे आवडते बिऱ्हाड. मिठाच्या दाट पाण्याची फवारणी अनेक जण सांगतात. त्याने कोवळे गवत मरते हे खरे, पण मीठ जमिनीत राहते आणि तेथे दुसरे काही उगवत नाही. फरशीच्या भेगांत ते चालेल, फुलझाडांच्या वाफ्याशेजारी नको. रासायनिक तणनाशके घराच्या अंगणात, जेथे मुले खेळतात, तेथे वापरण्याची गरज मला तरी कधी दिसली नाही.

उपटून झाले की बहुतेक लोक हात झटकतात, आणि पुढल्या पावसात तक्रार घेऊन येतात. हे गवत रानात शिरत नाही, दाट हिरवळीत सहसा शिरत नाही. ज्या जमिनीला कोणी वाली नाही, जी उकरून, खणून, उघडी टाकलेली आहे, तेथे ते येते. उपटल्याने जागा पुन्हा उघडी होते. म्हणून तेथे लगेच काही तरी लावले पाहिजे. या बाबतीत आपल्या एका जुन्या स्नेह्याचा उपयोग होतो: कोकणात ज्याला टाकळा म्हणतात, विदर्भात तरोटा, आणि येथे बंगालमध्ये चाकुंदा. पहिल्या पावसात ज्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आपण आवडीने खातो, तोच हा. त्याचे बी पावसापूर्वी फेकले तर तो दाट उगवून गाजरगवताला दाबतो. त्याचाच एक परदेशी भाऊबंद महाराष्ट्र-कर्नाटकात गाजरगवताची जागा घेताना अभ्यासकांना दिसला आणि त्याचे बी मुद्दाम पेरण्याचा प्रचारही झाला. पण एका परक्या तणाला हटविण्यासाठी दुसरे परके तण पेरावे हे माझ्या मनाला रुचत नाही. टाकळा पुरतो. अंगणात झेंडूही चालेल, घरात कोणाला त्या कुळाचे वावडे नसल्यास. नाही तर साधी दूर्वांची हिरवळ.

निसर्गातही त्याला एक शत्रू शोधण्यात आला आहे. १९८३ साली मेक्सिकोहून झायगोग्रामा नावाचा एक छोटा भुंगा बंगळुरूला आणला आणि तपासणीनंतर १९८४ साली तो सोडण्यात आला. फिकट पिवळसर पाठीवर काळपट-तपकिरी रेघा असलेला हा जीव गाजरगवताची पाने कुरतडून झाड खराट्यासारखे करून टाकतो. मध्यंतरी तो सूर्यफुलावर दिसला म्हणून मोठी आरडाओरड झाली; चौकशीअंती त्याच्यावरील आरोप टिकला नाही. पावसाळ्यात तो चांगले काम करतो, हिवाळ्यात जमिनीत शिरून झोपतो, आणि गवत मात्र झोपत नाही. तेव्हा असे भुंगे पानांवर दिसले तर त्यांना मारू नका, पण सगळा भार त्यांच्यावर टाकून निश्चिंतही होऊ नका.

आपल्यापैकी कित्येकांची मुले विलायतेत स्थायिक आहेत. तेथे घर घेताना त्यांना जपानी नॉटवीड नावाच्या झाडाची धास्ती घातली जाते आणि मग आईवडिलांना येथे झोप येत नाही. तिचा इतिहास पाहिला तर ओळखीचाच वाटेल: जपानमधून सीबोल्ट नावाच्या संग्राहकाने ती युरोपात आणली, आणि १८५० साली लंडनच्या क्यू बागेत पोहोचली, शोभेची म्हणून घराघरांत लागली. बांबूसारखे पोकळ खोड, रुंद पाने, दोन-तीन मीटर उंची. पण तिच्यावरील उपाय गाजरगवताच्या अगदी उलट आहे. ब्रिटनमधील जवळजवळ सारी झाडे एकाच मादी रोपाचे फुटवे आहेत; ती बियांनी नव्हे, तर जमिनीखालच्या मुळाच्या तुकड्यांनी पसरते. उपटाउपटी केली तर एकाची दहा होतात. तिची माती सुद्धा कायद्याने वाटेल तेथे टाकता येत नाही, आणि घर विकताना ती आहे काय हे लेखी सांगावे लागते. तेथे जाणकार माणूस बोलावून वर्षानुवर्षे उपचार करणे हाच मार्ग. मुलांना कळवा की कुदळ हाती घेऊ नका. तण कोणते, याची ओळख आधी आणि हत्यार नंतर, असे मी म्हणतो ते एवढ्याचसाठी.

आता गावाकडच्या बंद घराविषयी. कायद्याचे म्हणाल तर बंगालने कचुरीपान्यासाठी, म्हणजे जलपर्णीसाठी, १९३६ सालीच कायदा केला. तळी अजून त्याने भरलेली आहेत. कर्नाटकाने १९७५ साली गाजरगवताला उपद्रवी तण म्हणून जाहीर केले. ते अजून तेथे आहेच. ज्या तुकड्यावर नांदते माणूस नाही तेथे कायद्याचा हात पोहोचत नाही. आणि खरे सांगावयाचे तर आपल्यासारख्या दूर गेलेल्यांचे वाडे, परसू, हौसेने घेऊन ठेवलेले प्लॉट हीच या गवताची कोठारे आहेत. सातबाऱ्यावर आपले नाव असते, आणि बी शेजाऱ्याच्या शेतात पडते. वाटणीचा दावा चालू असलेल्या जागेत तर कोणीच पाय घालीत नाही. पाच भावांच्या वादात सहावा वारस म्हणून गाजरगवत ताबा घेते. पुढे कधी तरी आपण दिवाळीला जातो, कुलूप उघडतो, नातवंडे परसात धावतात, आणि चार दिवसांनी त्यांच्या पापण्या सुजतात.

यावर मला सुचलेला मार्ग अगदी साधा आहे. पत्र लिहिताना किंवा दूरध्वनी करताना घराची डागडुजी, पट्टी, वीजबिल यांची चौकशी आपण करतो, तिच्यात आषाढातील एका निंदणीची भर घालावी. शेजारच्या विश्वासू माणसाला त्याची मजुरी आणि मोजे आगाऊ पाठवावे. जागा मोठी असेल तर ती कोणाला तरी भाजीपाल्यासाठी, वैरणीसाठी वापरू द्यावी. उत्पन्नात वाटा मागू नये. जागा बळकावतील ही भीती असल्यास वर्षाचा लेखी कागद करावा, पण उघडी ठेवू नये. वाद असेल तर वाद न्यायालयात चालू द्या; निंदणीचा खर्च पाच जणांनी वाटून घ्यावयास कोणत्याही वकिलाची हरकत नसते. मंडळाने मनावर घेतले तर एकाच तालुक्यातील चार-पाच कुटुंबांनी मिळून तेथे एक माणूस ठरविणे मुळीच अवघड नाही. ज्यांची घरे एका गावात, एका आळीत आहेत अशी मंडळी या सभागृहातच बसलेली मला दिसत आहेत.

वेळ बराच झाला. टेबलावर दोन काचेच्या बरण्या ठेवल्या आहेत. एकीत कोवळे, फुलावर न आलेले गाजरगवत आहे, दुसरीत शेवंतीचे रोप. कोणत्या बरणीत काय, याची चिठ्ठी मी मुद्दामच लावलेली नाही. जाताना प्रत्येकाने दोन्ही निरखून पाहाव्यात आणि आपले उत्तर मला सांगावे. झाकण मात्र कोणी उघडू नये.